दादाला केटामिन द्यावं का, आणि ठाण्यात ते कुठे मिळेल?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊ ४१ वर्षांचा, आयटी कंपनीत, तीन वर्षं डिप्रेशनमध्ये. तीन डॉक्टर झाले, ‘तीन गोळ्या फेल गेल्या’. आता एका क्लिनिकने फोनवरच केटामिन या भुलीच्या औषधाच्या सहा सलाईनचं पॅकेज सांगितलंय, आगाऊ भरले तर सूट. हे कायदेशीर आहे का, खर्च किती, दादाला न्यावं का, असं त्या विचारतात. आई म्हणते, आधी गावच्या देवाला जाऊन येऊ.

ताई, आईंना घेऊन देवाला खुशाल जाऊन या, फक्त त्या दोन दिवसांत गोळ्या चुकवू नका. आगाऊ पैसे मात्र भरू नका. ज्याने दादाची फाइल उघडूनही पाहिलेली नाही, त्याला सहाच सलाईन लागतील हे फोनवर कसं कळलं? पाच का नाहीत, आणि मुळात एक तरी का?

मी ठाण्यात बावीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतोय. गेली काही वर्षं एका छोट्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञांना सोबत घेऊन निवडक पेशंटना केटामिन देतो. तेव्हा हे औषध बोगस आहे असं मी म्हणणार नाही. चाळीस मिनिटांची सलाईन लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, एवढंच आधी सांगून ठेवतो. तिच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार, घोडं अडतं ते तिथे.

आधीचं बघू. ‘तीन गोळ्या फेल’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. मग फाइल मागतो. फाइल म्हणजे बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, त्यातली निम्मी बिलं मेडिकलची. त्या तारखेने लावल्या की चित्र असं दिसतं: पहिलं औषध एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅम, तीन आठवडे, मळमळ झाली म्हणून बंद. दुसरं सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम, महिनाभर. मग डॉक्टर बदलला. तिसरं औषध नीट डोसला गेलं, पण ‘बरं वाटतंय’ म्हणून अडीच महिन्यांत सोडलं. आणि या सगळ्याच्या खाली पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एक गोळी अखंड चालू: क्लोनाझेपाम, झोपेसाठी.

अशा फाइलवर मी तीन औषधं फेल गेली असं धरत नाही. पहिली दोन तर सुरूच झाली नव्हती. सर्ट्रालिन साधारण ५० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान काम करतं, २५ ही चढायची पायरी असते. निदान दोन औषधं पुऱ्या डोसने, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे, न चुकता घेऊनही फरक पडला नाही, तर त्याला आम्ही उपचारांना दाद न देणारं डिप्रेशन म्हणतो. केटामिनचा विचार तिथून सुरू होतो. अमेरिकेत या विषयावर जो मोठा अभ्यास झाला आणि २००६ मध्ये छापून आला, त्यात पहिल्या औषधाने पुरतं बरं होणारे सुमारे एक तृतीयांश होते. म्हणजे पहिली गोळी लागू न पडणं यात जगावेगळं काही नाही. दुसरी, मग दोन औषधांची जोडी, मग लिथियम या मूड सावरणाऱ्या औषधाची साथ, असा रस्ता आहे. तो कंटाळवाणा आहे, हे कबूल. पण बऱ्याच जणांचं काम तिथेच होतं, आणि त्याला पॅकेज लागत नाही.

इथे माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या, आधीच्या चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन. औषधं खरोखर पुरेशी झाली होती, मी डोस आणि आठवडे मोजले होते. केटामिनची तारीख ठरवली. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी नेहमीच्या रक्ततपासण्या मागवल्या आणि त्यात थायरॉइडची टीएसएच जोडली. ती आली ३८. साधारणपणे ती चार-पाचच्या आत असते. दोन वर्षांत कुणीच ती केली नव्हती, आणि चार डॉक्टरांनी केली असणार असं समजून पाचव्याने, म्हणजे मी, विचारलंही नव्हतं. तारीख रद्द केली, थायरॉइडची गोळी सुरू केली. बाई हळूहळू सावरल्या, त्यांना केटामिन कधी द्यावंच लागलं नाही. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे: टीएसएच, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर, दारू, घोरणं. शेवटचे दोन शब्द वाचून लोक हसतात. पण रोजचे दोन पेग संध्याकाळी चालू असतील तर कुठलंच औषध धड चालत नाही. आणि रात्री श्वास अडकत घोरणारा माणूस सकाळी उदासच उठतो.

आणखी एक, आणि हे काम तुमचंच आहे. दादाला कधी असे दिवस आले होते का, की तीन-चार तास झोपूनही तो ताजातवाना, बोलणं सुसाट, नवे धंदे डोक्यात, क्रेडिट कार्ड पिळून खर्च? डिप्रेशनमधला माणूस त्या दिवसांना ‘तेव्हा मी बरा होतो’ म्हणतो. बहिणीला मात्र ते बरोबर आठवतं. तसं असेल तर हा आजार बायपोलर असू शकतो आणि औषधांची सगळी मांडणीच बदलते. माझ्यासमोर पेशंटसोबत बहीण, आई किंवा बायको बसलेली असली की आजार ओळखणं निम्म्याने सोपं होतं.

आता औषधाविषयी. केटामिन १९६२ मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९७० मध्ये तिथे भुलीचं औषध म्हणून मान्य झालं. श्वास फारसा न दाबता भूल देतं, म्हणून युद्धात, अपघातात, लहान गावातल्या ऑपरेशन थिएटरात ते फार उपयोगी ठरलं. आजही आहे. डिप्रेशनमध्ये त्याचा पहिला छोटा अभ्यास २००० साली येल विद्यापीठातून आला, अवघ्या सात पेशंटचा. नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाटेने जातात आणि आठवडे घेतात. केटामिन मेंदूतल्या ग्लुटामेटच्या वाटेने जातं, एनएमडीए नावाचं कुलूप अडवतं, आणि पेशींमधले सुकलेले जोड पुन्हा फुटायला मदत करतं असा अंदाज आहे. फरक काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत दिसतो. याच गोष्टीने सगळ्यांना वेड लावलं.

भुलीला जेवढं लागतं त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी इथे पुरतं. ठरलेला डोस वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत. साठ किलोच्या माणसाला तीस मिलिग्रॅम. हे मी अशासाठी लिहितोय की ‘आम्ही जास्त डोस देतो, म्हणून आमच्याकडे रिझल्ट जास्त’ असं कुणी सांगितलं तर तुम्हाला पुढचा प्रश्न सुचावा.

त्या दिवशी काय होतं ते सांगतो. पेशंट सकाळी उपाशीपोटी येतो. बीपी, वजन, ‘काल रात्री काय घेतलं’. खोलीत ट्यूबलाइट बंद, पडदा ओढलेला, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. सिरिंज पंप सुरू होतो. दहाएक मिनिटांत माणूस सांगतो की पंख्याचा आवाज लांबून येतोय, हात आपले वाटत नाहीत, कॉट तरंगतेय. कुणी हसतं, कुणी रडतं, एक काका पूर्ण वेळ लहानपणच्या विहिरीविषयी बोलत होते. काहींना भीती वाटते. तेव्हा शेजारी ओळखीचा आवाज हवा, मोबाइलमध्ये डोकं घातलेला वॉर्डबॉय नको. बीपी बऱ्याचदा वीस-तीसने चढतं आणि उतरतं, म्हणून दर दहा मिनिटांनी पट्टा फुगतो. पंप बंद झाल्यावर मी दोन तास कुणाला उठू देत नाही. अमेरिकेत याच औषधाचा नाकातला स्प्रे, एसकेटामिन, २०१९ मध्ये मान्य झाला तेव्हा तिथेही निदान दोन तास देखरेखीची अट घातली गेली. स्प्रे घरी न्यायला मिळतच नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सही करायची नाही, बॉसला मेल करायचा नाही. घरी न्यायला कुणीतरी हवंच. घोडबंदरला राहत असाल तर ट्रॅफिक धरून संध्याकाळ गेलीच समजा.

हे एवढं तपशिलात अशासाठी, की क्लिनिक पाहायला जाल तेव्हा याच्याशी ताडून बघा. भूलतज्ज्ञ, किंवा श्वास सांभाळायचं प्रशिक्षण असलेला डॉक्टर, खोलीत असतो का, की ‘फोनवर असतात’? ऑक्सिजन आणि सक्शन (घशात साचलेलं ओढून काढायचं यंत्र) कुठे आहे, दाखवा म्हणायचं. बीपी खूप चढलं तर काय करता? आधी कुणी तपासतं, नंतर कुणाला फोन करायचा? मनोविकारतज्ज्ञाचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, तो चिठ्ठीवर छापलेला असतोच. माझ्याकडे आलेल्या एका पेशंटने सांगितलं, आधी जिथे घेतलं तिथे मसाजच्या खुर्चीत बसवून सलाईन लावली आणि रिसेप्शनवरची मुलगी लक्ष ठेवून होती. त्यांचं नशीब बलवत्तर.

कायद्याचं म्हणाल तर औषध कायदेशीर आहे, पण कडक पहाऱ्यात. भारतात २०११ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि २०१३ मध्ये ते शेड्यूल एक्समध्ये गेलं. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची, साठा कुलपात, एकेका कुपीची नोंद. आपल्याकडे त्याला मान्यता आहे ती भुलीसाठी. डिप्रेशनमध्ये डॉक्टर ते आपल्या निर्णयाने आणि जबाबदारीवर वापरतो. यात गैर काही नाही, अनेक औषधं अशी वापरली जातात, पण संमतिपत्रात ते स्पष्ट मराठीत लिहिलेलं हवं. आणि कुणी ‘घरी घ्यायला देतो, कुरिअरने येईल’ म्हणालं तर तिथूनच परत फिरा. अमेरिकी अभिनेता मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला तो देखरेखीबाहेर घेतलेल्या केटामिनने. दवाखान्यातल्या उपचाराचा तो परिणाम नव्हता, हेही तितकंच खरं.

कुणाला द्यायचं नाही ते थोडक्यात: ज्यांना भास-संशयाचा आजार आहे किंवा होऊन गेलाय, बीपी ताब्यात नाही, रक्तवाहिनीला फुगा आहे, गरोदरपण आहे, नशेची सवय चालू आहे. पुन्हापुन्हा आणि भरमसाठ घेणाऱ्यांचं मूत्राशय कायमचं बिघडू शकतं. आणि सवय लागू शकते, हे सांगायला क्लिनिकवाले विसरतात.

आता नंतरचं, जिथे माझा खरा जीव अडकतो. एक गृहस्थ होते, एसटीतून निवृत्त झालेले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). अकरा महिने घरात कोपऱ्यात. औषधं सगळी पुरी झालेली. दुसऱ्या सलाईननंतर रिक्षात बसून घरी जाताना त्यांनी बायकोला विचारलं, ‘सिलिंडरचा नंबर लावलास का?’ काकूंनी मला रिक्षातूनच फोन केला आणि नुसत्या रडत होत्या. अकरा महिन्यांत त्यांनी घरातलं काही विचारलं नव्हतं. मीही त्या दिवशी जरा हवेत होतो. नवव्या दिवशी ते पुन्हा कोपऱ्यात. एका सलाईनचा परिणाम काही दिवस, कुणाकुणाला आठवडा-दोन आठवडे टिकतो. म्हणूनच दोन-तीन आठवड्यांत सहा देण्याची पद्धत पडली. पण सहा देऊनही नंतर औषध, थेरपी, दिनक्रम यांपैकी काही लागलं नाही तर बरेच जण परत घसरतात. काकांना सहा झाल्यावर आम्ही लिथियम जोडलं. आणि ज्या दिवशी मन हलकं त्याच दिवशी संध्याकाळी मासुंदा तलावाला एक फेरी, सायकॉलॉजिस्टसोबत आठवड्याला एक तास, असं बांधून दिलं. आता ते बरे आहेत. केटामिनने किती, बाकीच्याने किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.

केटामिनच्या जोडीने थेरपी असा जो शब्द तुम्ही वाचला असेल, त्याचा मतलब खरं तर इतकाच: सलाईननंतर मन हलकं असतं तेवढे दिवस एक खिडकी उघडी असते, तेव्हा बोलून घ्यायचं. सलाईनच्या गुंगीत खोल बोलणं काढायचं असा प्रकार काही जण करतात, मी करत नाही. माझ्याकडे थेरपीचा तास दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी असतो, माणूस पुरता शुद्धीवर असताना. सायकॉलॉजिस्ट निवडताना आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा. ‘हीलर’, ‘कोच’, ‘ट्रिप गाइड’ ही पदवी होत नाही.

आणि शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी. नाव काढलं की घरचे उठून उभे राहतात, म्हणून मुद्दाम काढतो. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला बंदीच आहे. केटामिन आणि ईसीटी यांची समोरासमोर तुलना झालीय. अमेरिकेत २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात केटामिन घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के आणि ईसीटी घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांना ठळक फरक पडला. त्याआधी २०२२ मध्ये स्वीडनच्या अभ्यासात उलटं: पुरते बरे झालेले ईसीटीने ६३ टक्के, केटामिनने ४६. दोन्हींतले पेशंट सारखे नव्हते. स्वीडनमध्ये ॲडमिट असलेले, जास्त आजारी लोक होते. माझं मत विचाराल तर जो माणूस जेवत नाही, बोलत नाही, आपण पापी आहोत असा ज्याचा ठाम भ्रम झालाय, त्याला मी ईसीटीच सुचवीन. जो कसाबसा कामावर जातोय, ज्याला स्मरणशक्तीची धास्ती आहे, तिथे केटामिन आधी. दादा ऑफिसला जातोय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. आरटीएमएस हा चुंबकाचा उपचारही आता आपल्या भागात मिळतो. त्यात भूल नाही, गुंगी नाही, फक्त रोजच्या खेपा.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टॅनफर्डमध्ये २०२३ च्या अभ्यासात ४० पेशंटना ऑपरेशनच्या भुलीतच केटामिन किंवा नुसतं सलाईन दिलं, म्हणजे काय मिळालं ते कुणालाच कळू नये. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. याचा अर्थ औषध खोटं असा मी लावत नाही. पण आशा, निगा, आपल्याकडे कुणीतरी तास दोन तास लक्ष देऊन बसलंय ही भावना, यांचं वजन आम्ही डॉक्टर कमी धरतो, एवढं मात्र मला पटलं.

पैसे. कुपी स्वस्त आहे, हॉटेलातल्या एका जेवणाएवढीही नाही. पैसे लागतात ते खोलीला, भूलतज्ज्ञाला आणि त्या चार तासांना, आणि खासगीत एका वेळचं बिल काही हजारांत जातं. म्हणून बिल फोडून मागा: औषध किती, जागा किती, डॉक्टर किती. प्रत्येक वेळचे पैसे त्या त्या वेळी द्या. दोन सलाईननंतर काहीच फरक नसेल तर मी घरच्यांसोबत बसून पुढे जायचं का हे पुन्हा ठरवतो. पॅकेज घेतलेल्या माणसाला मात्र ते ठरवता येत नाही, पैसे आधीच गेलेले असतात. २०१७ च्या कायद्याप्रमाणे मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजारासारखीच वागणूक मिळायला हवी, पण ओपीडीतली सलाईन बहुतेक पॉलिसींत बसत नाही. कंपनीच्या पॉलिसीबद्दल एचआरला तोंडी विचारू नका, टीपीएकडून, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, ईमेलवर उत्तर घ्या.

कुठे जायचं? क्लिनिकचं नाव मी देणार नाही, ती जाहिरात होते. पण दुसरं मत घ्यायला खासगीतच जायला हवं असं नाही. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि तिथून मेन लाइनने शीव किंवा परळ गाठलं की लोकमान्य टिळक आणि केईएम या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभागाच्या ओपीडी आहेत, केसपेपरचे पैसे नाममात्र. जवळ हवं तर कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरुळला डी. वाय. पाटील. रांग असते, सकाळी आठला पोहोचा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. आपल्याकडे भांडणात एकमेकांना ‘ठाण्याला पाठवू का’ म्हणतात, त्यामुळे त्या गेटातून आत जायला लोकांचे पाय अडखळतात. बाह्यरुग्ण विभागात दाखवून दुपारी घरी जाणारे कितीतरी असतात.

एका गोष्टीला मात्र रांग नको. दादा ‘मी नसलेलाच बरा’ असं बोलत असेल, पासवर्ड लिहून ठेवत असेल, वस्तू वाटत असेल, तर केटामिनची तारीख, दुसरं मत, सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी इमर्जन्सी असलेल्या हॉस्पिटलात न्या. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या तुमच्या पर्समध्ये. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. त्याला थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत चुकीची आहे.

तसं काही नसेल तर या रविवारी आईंसोबत बसा आणि चिठ्ठ्या तारखेने लावा. एका कोऱ्या कागदावर औषध, मिलिग्रॅम, किती आठवडे, का सोडलं, असे चार रकाने पाडा. आठवत नसेल तिथे मेडिकलच्या बिलावरून पट्ट्या मोजा. क्लोनाझेपाम रोज किती हे खरं लिहा. ती केटामिनचा परिणाम दाबू शकते, पण म्हणून ती एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. ती आठवड्या-आठवड्याने, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच उतरवायची. टीएसएच आणि बी-१२ दुसरं मत घ्यायला जाण्याआधीच करून ठेवा, एक खेप वाचेल. आणि निघताना क्लोनाझेपामची शेवटची पट्टी पिशवीत टाका, रिकामी असली तरी.